विश्लेषण : लपलेल्या वस्तूंच्या खेळात नेमके काय लपलेले असते?

मोबाइलवरील खेळांची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर येतात ती बंदुका चालवणारी मुले किंवा पैसे लावणारे तरुण. ‘हिडन ऑब्जेक्ट’ हा प्रकार या चर्चेत सहसा नसतो. चित्रात दडलेली चावी, कात्री, छत्री शोधायची. ना हिंसा, ना जुगार. दुपारच्या निवांत वेळी किंवा लोकलच्या प्रवासात सहज खेळता येणारा हा खेळ निरुपद्रवी मानला जातो. खेळ तसा आहेच. त्याच्याभोवती उभा राहिलेला व्यवहार मात्र तसा नाही.

हा खेळ आला कुठून?

वर्तमानपत्रांच्या बालपुरवण्यांतील ‘चित्रात लपलेले प्राणी शोधा’ हे कोडे अनेक पिढ्यांनी सोडवले आहे. मार्टिन हँडफर्ड यांच्या १९८७ मधील ‘व्हेअर्ज वॉली?’ या पुस्तकाने गर्दीतला एक माणूस शोधण्याचे वेड जगभर पोहोचवले. संगणकावर या प्रकाराला मोठी बाजारपेठ मिळाली ती २००५ मध्ये, सिएटलच्या ‘बिग फिश गेम्स’ या कंपनीच्या ‘मिस्ट्री केस फाइल्स : हंट्सव्हिल’मुळे. त्या काळचा व्यवहार सरळ होता. तासभर फुकट खेळा, आवडला तर एकदाच पैसे भरा. मग अख्खा खेळ तुमचा. रहस्य उलगडले की खेळ संपे.

शोधण्यात एवढी गोडी का?

मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने याचे एक उत्तर दिले. हिरव्या ठिपक्यांतला एकच लाल ठिपका आपोआप नजरेत भरतो. पण रंग आणि आकार या दोन्ही खुणा जुळवून वस्तू ओळखायची असेल, तर लक्ष एकेका जागेवर न्यावे लागते. हे खेळ नेमके तेच करायला लावतात. तपकिरी लाकडावर तपकिरी व्हायोलिन, पडद्याच्या चुणीत साप. कष्ट थोडे, यश हमखास आणि दर काही सेकंदांनी. दिवसभर न संपणारी कामे करणाऱ्याला संपणारी यादी हवीहवीशी वाटते, यात नवल नाही.

मोफत खेळात पैसे कुठून येतात?

२०१२ मध्ये फेसबुकवर आलेल्या आणि भारतातही अनेकांनी खेळलेल्या ‘क्रिमिनल केस’ने ‘ऊर्जा’ ही कल्पना रुळवली. प्रत्येक दृश्य खेळायला ऊर्जा खर्च होते. ती संपली की थांबा, मित्रांकडे मागा किंवा विकत घ्या. बर्लिनच्या ‘वूगा’ कंपनीचा, १९२० च्या दशकात घडणारा ‘जून्स जर्नी’ (२०१७) याच वाटेने पुढे गेला. त्यात गोष्ट पुढे सरकण्यासाठी तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा खेळून तारे मिळवावे लागतात आणि एक बेट सजवावे लागते. गोष्टीची प्रकरणे वाढतच राहतात. जुन्या खेळात पैसे भरून खेळ मिळे. नव्या खेळात पैसे भरून फक्त वाट पाहणे टळते. आणि वाट पाहायला लावणारी कंपनीच असते.

मालकी कोणाकडे गेली?

‘बिग फिश’ २०१४ मध्ये ‘चर्चिल डाउन्स’ने घेतली. ही केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत भरवणारी कंपनी. २०१८ मध्ये ती ‘ॲरिस्टोक्रॅट’ या स्लॉट मशीन बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ‘वूगा’ही ‘प्लेटिका’ने विकत घेतली, तिची ओळख मोबाइलवरील कॅसिनोछाप खेळांसाठी. लपलेल्या वस्तूंचे खेळ म्हणजे जुगार, असे यातून सिद्ध होत नाही. पण माणसाला पडद्यासमोर किती वेळ बसवता येते, याचे शास्त्र पोटापाण्यासाठी जपणाऱ्यांना हा प्रकार मोलाचा वाटला, हे उघड आहे.

मेंदू तल्लख होतो का?

या दाव्याबाबत सावध राहावे. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपने पुराव्याविना दावे केल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड केली. शोधण्याचा सराव शोधण्यापुरता उपयोगी पडतो. २०१३ मधील एका प्रयोगात फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घातले होते. गाठी शोधण्यात मुरलेल्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना ते दिसलेच नाही. जे शोधावे तेच दिसते. चावी शोधणाऱ्या नजरेला कोपऱ्यातले ‘फक्त आज, मोठी सवलत’ हे बटण खटकत नाही, तेही यामुळेच.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. लपलेल्या वस्तूंच्या खेळात जिंकून पैसे मिळत नाहीत. ते फक्त जातात. त्यामुळे हा प्रकार त्या बंदीबाहेर राहतो आणि ते योग्यही आहे. मात्र केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे जे १३ प्रकार जाहीर केले, त्यांत खोटी निकड आणि सततची भुणभुणही आहे. चर्चा रेंगाळते ती खरेदीच्या संकेतस्थळांवर. खेळांच्या दुकानालाही तीच फूटपट्टी लावायला हवी.

मग करायचे काय?

‘कोणी जबरदस्ती करत नाही, थांबले तर फुकट खेळता येते,’ हा युक्तिवाद खोटा नाही. अनेक जण एक रुपयाही न देता खेळतात. पण मग कमाईचा भार थोड्या खेळाडूंवर पडतो. या खेळांचा मोठा ग्राहक मध्यमवयीन आणि त्यापुढील स्त्रिया. घरच्यांच्या लेखी ‘मोबाइलवर काहीतरी चाळा’ एवढीच त्याची किंमत असल्याने गेलेल्या पैशांबद्दल बोलायचीही चोरी होते. थट्टेने हा प्रश्न आणखी लपतो.

उपाय अवघड नाहीत. महिनाभरात किती खर्च झाला, तो आकडा रत्ने-नाण्यांत नव्हे तर रुपयांत, पडद्यावर ठळक दिसावा. खर्चाची मर्यादा सुरुवातीलाच विचारली जावी. एकदाच पैसे भरून पूर्ण खेळ घेण्याचा पर्याय मिळावा. तोवर फोनमधील खरेदीला पासवर्ड लावणे आणि एकरकमी मिळणारे, शेवट असलेले खेळ निवडणे आपल्या हाती आहे. विरंगुळ्याला कोणाची ना नाही. त्याचे बिल मात्र शोधावे लागू नये.