सत्तावीस पावले



काटोलच्या आमच्या जुन्या घरात पुढे दुकान, मागे राहणे आणि अंगणाच्या शेवटी शौचालय. आईच्या बिछान्यापासून तेथवर २७ पावले आणि वाटेत दोन उंबरठे. बँकेत आयुष्यभर आकडे मोजले. हे अंतर मात्र आईच्या ८२ व्या वर्षी प्रथमच मोजले.

त्याआधी वर्षभर आई दिवसाही पाणी टाळीत होती. स्थानकात जाणे थांबले होते. ४८ मिनिटांचे सामायिक अर्ध्यावर सुटू लागले होते. तिचा त्याग वाढला असावा, असा आम्ही सोयीस्कर अर्थ लावला. एके पहाटे सौ.ला पलंगाखाली दडवलेली ओली साडी सापडली आणि उलगडा झाला. लघवी आवरत नाही हे मुलाला कसे सांगावे, या संकोचात आईने वर्ष काढले होते.

डॉक्टरांनी प्रथम तपासण्या केल्या. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, मधुमेह, काही औषधे, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ अशी अनेक कारणे यामागे असतात आणि बहुतेकांवर उपाय आहेत. केवळ वयाला दोष देऊन स्वस्थ बसू नये. पाणी तोडल्याने तर लघवी दाट होऊन त्रास वाढतो. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांनी सूर्यास्तापूर्वीच, दिवसभरात थोडेथोडे करून पुरेसे पाणी घ्यावे.

मग घराकडे वळलो. आईचा पलंग मागच्या खोलीत हलविला. त्या खोलीला लागून उंच बैठकीचे शौचालय बांधले, दोन्ही बाजूंस भिंतीत पक्के दांडे बसविले. उंबरठे काढले, फरशी खडबडीत घेतली, दार बाहेर उघडणारे केले आणि आतल्या कडीऐवजी बाहेरूनही उघडता येईल अशी खिटी लावली. वाटेत रात्रभर मंद दिवा असतो. गादीवर रबरी कापड व त्यावर सुती चादर, परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक. दर दोन-तीन तासांनी, घाई लागण्यापूर्वीच, सौ. तिला हळूच आठवण करते. प्रवासात किंवा प्रवचनाला जाताना डायपर वापरते. तो ओला झाल्यावर लगेच बदलून त्वचा कोरडी ठेवावी लागते. या गोष्टीची चर्चा दुकानात किंवा पाहुण्यांसमोर होणार नाही, हा नियम नातवंडांनाही समजावला आहे.

हा खर्च खतावणीत कोणत्या खात्यावर टाकावा, असे मुलाने विचारले. आपल्या शास्त्रांत सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, सांगितले आहे. साधुसाध्वींच्या वैयावृत्त्यासाठी आपण धावून जातो. घरातल्या वृद्धेची ओली चादर कपाळाला आठी न घालता बदलणे हेही त्याच खात्याचे, असे मी त्याला सांगितले.

आईचे सामायिक आता पूर्ण होते.

वाचकहो, आज रात्री दिवे मालवल्यावर आपल्या आईवडिलांच्या बिछान्यापासून शौचालयापर्यंत एकदा स्वतः चालून पाहावे. पावले मोजावीत.