सोंगटी, कवडी आणि खांदा

खो-खोत नुसतं 'खो' म्हणून भागत नाही, नुसता हात लावूनही भागत नाही. बसलेल्या गड्याला मागून स्पर्श आणि मोठ्यानं उच्चार, दोन्ही एकदम झाले तरच खो लागू होतो. मागेपुढे झालं की पंचांची शिट्टी. त्या एका अक्षरानं आणि त्या एका थापेनं बसलेली मुलगी आक्रमक होते, धावून आलेली तिच्या जागी बसते. अर्थ असा डोळ्यांदेखत तयार होताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. खेळांच्या चिन्हमीमांसेवर पीएचडी करायचं ठरलं, तेव्हा ग्रंथालयाच्या आधी मी धाराशिवचं मैदान गाठलं ते यासाठीच.

चिन्हमीमांसा म्हणजे कशाचा अर्थ काय घ्यायचा, तो कोण ठरवतो आणि बाकीचे तो का मानतात, याचा अभ्यास. माझे दिवस त्यामुळे दोन ठिकाणी वाटले गेले आहेत. सकाळी टिपणं, संदर्भ आणि दर सहा महिन्यांनी द्यायचा प्रगती अहवाल. संध्याकाळी मैदान, नाहीतर एसटीनं एखादं गाव आणि तिथली ओसरी. घरचे, शेजारचे काळजीनं विचारतात, खेळावर पीएचडी करून काय निघणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

खेळाचा गांभीर्यानं विचार करणं आपल्याला नवं नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडचं बसवकल्याण. राज्य मिळवणं, ते टिकवणं, उपभोग, विनोद आणि शेवटी 'क्रीडाविंशति' असे त्या ग्रंथाचे पाच भाग. फाशांचा खेळ, कवड्यांचा खेळ राज्यकारभाराच्या पंगतीला बसवलेले आहेत. अगदी अलीकडचं पाहायचं तर योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानं 1938 साली 'होमो लुडेन्स' लिहिलं आणि संस्कृतीच खेळातून उगवते असं मांडलं. याच हुइझिंगाचा 1897 चा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृत नाटकातल्या विदूषकावर होता, हे वाचल्यावर मला आपला विषय एकदम घरचा वाटायला लागला.

चिन्हशास्त्राचा पाया ज्याच्या व्याख्यानांनी घातला तो फेर्दिनां द सोस्यूर. ती व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर 1916 साली पुस्तकरूपानं आली. भाषा समजावताना तो पुन्हा पुन्हा बुद्धिबळाकडे वळतो. पटावरचा घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरी कुठलीही वस्तू ठेवा; दोघांनी तिला घोडा मानलं की डाव अडत नाही. मोहऱ्याची किंमत त्याच्या लाकडात नसते, बाकीच्या मोहऱ्यांशी असलेल्या नात्यात असते.

हे किती खरं आहे ते चल्लस खेळणाऱ्या कुठल्याही ओसरीवर दिसतं. फरशीवर कोळशानं पाच बाय पाचची पंचवीस घरं आखली जातात. चारही कडांच्या मधल्या घरात आणि ऐन मध्यावर फुली. सोंगट्या म्हणून एकीकडे बांगडीचे तुकडे, दुसरीकडे चिंचोके, तिसरीकडे खडे, चौथीकडे तुरीच्या काड्या. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मरत नाही. शाळेच्या वहीत जी फुली चूक दाखवते, तीच इथे अभय देते. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकं दान. पण चारही पालथ्या पडल्या तर शून्य नव्हे, आठ! ज्यात काहीच दिसत नाही ते दान सगळ्यांत मोठं. सगळ्यांनी तसं मानलंय, एवढंच त्याचं कारण. सोस्यूर इथे आला असता तर सुखावला असता.

पण याच ओसरीवर त्याचा सिद्धांत अडतोही. तुळजापूरच्या वाटेवरच्या एका गावात मी तुळजाभवानीच्या एका आराधी आजींकडे बसले होते. दान टाकायला एक कवडी कमी पडत होती आणि त्यांच्या गळ्यात तर अख्खी कवड्यांची माळ होती. त्यातली एखादी घेता येईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही बाई. ह्या आईच्या हैत, त्या खेळायच्या." मग नातीला शेजारी पिटाळून त्यांनी कवडी मागून आणली आणि डाव पुढे सुरू केला. दोन्ही कवड्या दिसायला सारख्या, पण भवानीच्या माळेतली कवडी पटावर येत नाही. पटाच्या रेघांबाहेरही अर्थ असतो आणि तो खेळणारी आपल्या गळ्यात वागवत असते.

खो-खोच्या मैदानावर तर अदलाबदलीची भाषाच संपते. आक्रमण करणारीचा खांदा वळला की तिची दिशा ठरली, मग तिला माघारी फिरता येत नाही. संरक्षण करणारी म्हणून चेहऱ्याकडे बघत नाही, खांद्याकडे बघते. आणि हे ठाऊक असलेली आक्रमक खांदा न वळवता नुसत्या मानेनं हूल देते. धाराशिवच्या सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. त्या संघानं 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, 2020 साली काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही जिंकला. या पातळीवरच्या खेळाडूच्या जागी दुसरं कुणीही उभं करा आणि डाव तोच राहील, असं कुठला प्रशिक्षक म्हणेल? नियम तेच राहतील, पण खांदा वाचणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावातून एकेकीनं कमावलेली असते.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. बुद्धिबळावरून उभा राहिलेला सिद्धांत सोंगटीचा अर्थ सांगतो, खेळणाऱ्याचा सांगत नाही. तो पुरा करायचा तर हूल, खुंट, पाटी, दान, घर, सोंगटी पिकणं हे शब्द 'स्थानिक माहिती' म्हणून परिशिष्टात ढकलून चालणार नाही. त्यांना सिद्धांताच्या प्रकरणातच जागा द्यावी लागेल, कारण खेळणाऱ्यांनी विचार त्याच शब्दांत केलेला आहे.

पचिशी या कवड्यांच्याच खेळावरून बेतलेल्या लुडोचं पेटंट 1896 साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं. आज तोच लुडो एसटीच्या सीटवर फोनमध्ये चालतो आणि मुलं रमतात, याचा मला आनंदच आहे. पण फोन दान स्वतः टाकतो. मुठीत कवड्या खुळखुळवणं, दान पडण्याआधी समोरच्याला डिवचणं, पडलेल्या दानावर हुज्जत घालणं, हे सगळं खेळाचंच अंग होतं आणि ते नियमांच्या कुठल्याही पुस्तकात उतरलेलं नाही.

म्हणून एक विनंती. सुट्टीत गावी गेलात तर आजीला, मावशीला चल्लस मांडायला लावा आणि एक पुरा डाव तिच्याशी खेळा. घरं किती, फुल्या कुठे, हे लिहून ठेवा. पण दान टाकताना ती काय बोलते, कुठल्या कवडीला हात लावू देत नाही, हेही लिहा. पट पुन्हा आखता येतो; ही दुसरी माहिती फक्त तिच्याकडूनच मिळेल.