शिष्याला मान १९८५ मध्ये, गुरूला २००९ मध्ये: टेनिसला विभागीय ‘हॉल ऑफ फेम’ कशाला लागतो?

२० जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट शहरात लिअँडर पेस आणि विजय अमृतराज यांचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हा मान मिळवणारे ते आशियातले पहिले पुरुष ठरले.

पण दोघांची निवड एकाच गटातून झाली नव्हती. दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून १८ ग्रँड स्लॅम जिंकणारा पेस ‘खेळाडू’ म्हणून निवडला गेला, तर अमृतराज ‘योगदानकर्ते’ म्हणून. विशेष म्हणजे, लहानपणी पेस ज्या अकादमीत घडला, ती मद्रासमधली अकादमी अमृतराज कुटुंबाशी जोडलेली होती.

म्हणजे रोप लावणारा आणि फळ देणारं झाड, दोघांचाही सन्मान एकाच दिवशी झाला. असं दर वेळी होत नाही.

‘योगदानकर्ता’ म्हणजे नेमकं कोण?

प्रशिक्षक, स्पर्धा भरवणारे, पत्रकार, समालोचक, संघटक असे सगळे या गटात येतात. यातली अडचण सोपी आहे. खेळाडूच्या नावापुढे आकडे असतात. किती विजेतेपदं, कितवं रँकिंग, सगळं मोजता येतं. पण एखाद्याने वीस वर्षं मुलांना फुकट शिकवलं, तर ते कोणत्या स्कोअरबोर्डवर दिसणार?

ही उणीव भरून काढण्याचं काम विभागीय हॉल ऑफ फेम करतात. अमेरिकेच्या टेनिस संघटनेचे १७ विभाग आहेत आणि त्यातल्या अनेक विभागांचे स्वतःचे हॉल ऑफ फेम आहेत. ‘मिड-अटलांटिक’ हा त्यातलाच एक विभाग. वॉशिंग्टन डीसी, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाचा काही भाग त्यात येतो. आर्थर अ‍ॅश आणि पॅम श्रायव्हर ही याच मातीतली नावं. आणि याच मातीतलं, पण फारसं कुणाला माहीत नसलेलं आणखी एक नाव म्हणजे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन.

कोण होते डॉ. जॉन्सन?

व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावचे हे कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांच्या घरामागे एक टेनिस कोर्ट होतं. वर्णभेदाच्या त्या काळात दक्षिणेतली चांगली सार्वजनिक कोर्ट्स गोऱ्यांसाठी राखीव असत. तेव्हा जॉन्सन दर उन्हाळ्यात कृष्णवर्णीय मुलांना घरी ठेवून घेत आणि शिकवत.

अल्थिया गिब्सन उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहिली. रिचमंडचा आर्थर अ‍ॅश दहा वर्षांचा असताना तिथे आला.

जॉन्सन यांचा एक नियम प्रसिद्ध आहे. चेंडू रेषेबाहेर दोन इंचांपर्यंत पडला, तरी तो आत समजून खेळायचा. पंचांशी वाद घालायचा नाही. कारण एका मुलाने आवाज चढवला, तर ते निमित्त करून सगळ्यांसाठीच दार बंद होईल, ही भीती खरी होती.

दार उघडायलाही वेळ लागला. शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९५१ मध्ये त्यांची मुलं पहिल्यांदा उतरली आणि पहिल्याच फेरीत हरली. १९६१ मध्ये अ‍ॅशने तीच स्पर्धा जिंकली. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन ओपन आणि १९७५ मध्ये विम्बल्डनही त्याने जिंकलं.

मग सन्मान कधी मिळाला?

इथे तारखाच बोलतात. आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये गिब्सनचा समावेश १९७१ मध्ये झाला. जॉन्सन यांचं निधनही त्याच वर्षीचं. अ‍ॅशला १९८५ मध्ये स्थान मिळालं. आणि जॉन्सन यांना? २००९ मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर ३८ वर्षांनी आणि अ‍ॅशनंतर २४ वर्षांनी.

जागतिक यादी वरून खाली पाहते. तिला आधी विजेता दिसतो, मग त्याचा शिक्षक. गावपातळीवर उलटं असतं. तिथे शिक्षकाला ओळखणारे, त्याच्या कोर्टवर खेळलेले लोक हयात असतात. ते साक्ष देऊ शकतात. विभागीय हॉल ऑफ फेमची खरी ताकद हीच आहे.

पण यात सगळं आलबेल आहे का?

नाही. जवळून पाहणाऱ्यांचे पूर्वग्रहही जवळचेच असतात. ज्या शहरात अ‍ॅश वाढला, तिथल्या गोऱ्यांच्या स्पर्धांत त्याला खेळता येत नव्हतं. शालेय शिक्षणाचं शेवटचं वर्ष त्याने सेंट लुईसला जाऊन पूर्ण केलं. त्याच प्रदेशाने नंतर त्याला आपलं म्हणणं हा अभिमान आहे की उशिरा सुचलेलं शहाणपण, हा प्रश्न उरतोच. नुसती पाटी लावून इतिहास पुसला जात नाही. दार कुणी बंद केलं होतं, हेही त्या पाटीवर लिहिलं, तरच तिला अर्थ येतो.

दुसरा धोका म्हणजे संघटनांनी आपल्याच पदाधिकाऱ्यांना हार घालणं. निवड समितीत बाहेरची माणसं असणं आणि निकष उघड असणं म्हणूनच गरजेचं ठरतं.

आपल्यासाठी यात काय?

पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, पणजी अशा शहरांतही पहाटे कोर्टवर पाणी मारून, जुने चेंडू गोळा करून मुलांना शिकवणारी माणसं असतात. त्यांच्या हाताखालचा एखादा खेळाडू मोठा झाला, की मुलाखत त्या खेळाडूची होते. शिक्षकाचं नाव आलंच, तर एका वाक्यात येतं.

सन्मान ही नंतरची गोष्ट. आधी लागते ती नोंद: कोण शिकलं, कुठे, कुणाकडे, किती वर्षं. लिंचबर्गमध्ये ती नोंद शिष्यांच्या आठवणींत टिकली, म्हणून २००९ मध्ये तरी जॉन्सन यांचं नाव पुढे आलं. आपल्याकडच्या अशा शिक्षकांची नोंद ते हयात असतानाच व्हायला हवी. त्यासाठी इमारत नको, एक वही पुरते.