सागरेश्वरची चितळं निघाली चांदोलीला

मुलांनो, कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं! एके काळी हे डोंगर अगदी बोडके होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, हरणं आणून सोडली गेली. १९८५ साली अभयारण्य झालं.

पुढे चितळ-सांबरं इतकी वाढली, की कुंपण ओलांडून पिकांत शिरू लागली. शेतकरी चिडणारच ना!

तिकडे चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल दाट, पण वाघाला भक्ष्य कमी. म्हणून इथली चितळं तिकडे नेतात. दोरीनं बांधून नाही हं! चितळ फार भित्रं, नुसत्या धसक्यानंही मरतं. त्यासाठी नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण करतात. कळप आत शिरतो, तो थेट गाडीतच.

"म्हणजे वाघाच्या तोंडी द्यायला?" माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलंच. मी म्हटलं, "हो, काहींना वाघ खाईल. पण तिथं पळायला मोकळं रान आहे, पाडसंही होतील." तिला काही ते पटलं नाही.

तुम्ही तिला काय सांगाल? पत्रानं कळवा.