आरमारी लढाई कोणती, हे कोणी ठरवायचे?

१६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने खांदेरी बेटावर तटबंदी उभारायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती रोखण्यासाठी जहाजे पाठवली. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या आरमाराने त्या जहाजांवर चाल केली. ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले, ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिले. पुढे सिद्दीही या झगड्यात उतरला, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. ही आरमारी लढाई होती याविषयी मराठी वाचकाला शंका वाटणार नाही. संगणकाला मात्र ते कोणीतरी सांगावे लागते. आता हे सांगण्याचे काम भाषा-मॉडेलांकडे सोपवले जाऊ लागले आहे. त्यात फायदा आहे, पण एका अटीवर: आरमारी लढाई कशाला म्हणायचे याचे निकष माणसांनी आधी उघडपणे लिहून ठेवले पाहिजेत आणि यंत्राने त्या निकषांची उत्तरे पुराव्यासह दिली पाहिजेत.

इतिहासाची माहिती आता केवळ ग्रंथांत राहत नाही. ‘नॉलेज ग्राफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माहितीच्या जाळ्यात प्रत्येक व्यक्ती, स्थळ आणि घटना यांची स्वतंत्र नोंद असते आणि या नोंदी ठरावीक नात्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात: ही घटना कोणत्या प्रकारची, कुठे घडली, केव्हा घडली, कोण कोण लढले. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हे त्याचे सर्वांना खुले असलेले उदाहरण. त्यात आज दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. अशा जाळ्याला ‘सतराव्या शतकातल्या हिंदी महासागरातील आरमारी लढाया दाखव’ असे विचारले, की ज्या नोंदींवर ‘आरमारी लढाई’ हा प्रकार लिहिलेला आहे तेवढ्याच समोर येतात. ज्या नोंदीवर नुसते ‘लढाई’ किंवा ‘वेढा’ असे लिहिले आहे, ती गळते. ज्या घटनेची नोंदच नाही, तिचा तर प्रश्नच नाही. भाषा-मॉडेल इथे उपयोगी पडते. ते घटनेचे वर्णन वाचते आणि प्रकार सुचवते. हजारो नोंदी माणसांनी एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर वर्षे जातील. म्हणून यंत्र दूर ठेवा, असे म्हणण्यात अर्थ नाही.

अडचण व्याख्येत आहे. समोरासमोर आलेली दोन आरमारे आणि खुल्या समुद्रातला तोफांचा मारा हे आरमारी लढाईचे चित्र मुख्यतः युरोपीय इतिहासलेखनातून आले. मराठ्यांचे सागरी युद्ध बरेचसे जलदुर्ग, खाड्या आणि उथळ पाण्यात फिरणारी गलबते यांच्या आधाराने चालले. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून आले. इंग्रजी जहाजांचा ताफा कमोडोर मॅथ्यूज याच्याकडे होता, पण निर्णय झाला तो जमिनीवर, आणि मदतीला धावून आलेल्या मराठी फौजेपुढे हल्ला फसला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, आगीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला पडला. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या समुद्रात ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज लढून पकडले. या तिन्ही घटनांत समुद्र आहे, जहाजे आहेत, तोफा आहेत. तरी त्या एकाच जातीच्या नाहीत. ‘ही आरमारी लढाई आहे का?’ असा एकच प्रश्न विचारून होय किंवा नाही असे उत्तर घेतले, तर तिघींपैकी कुणाला तरी अन्याय होणारच.

म्हणून मोठा प्रश्न मोडून लहान प्रश्न करावेत. दोन्ही बाजूंच्या जहाजांची एकमेकांशी झुंज झाली का? जहाजांनी किनाऱ्यावरच्या किल्ल्याशी लढा दिला का? की जहाजांनी फक्त सैन्य वाहून आणले? निकाल पाण्यावर लागला की जमिनीवर? खांदेरी आणि ‘रेंजर’ यांच्याबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते. कुलाब्यात जहाजे लढली, पण निकाल जमिनीवर लागला. विजयदुर्गात जहाजांच्या तोफा निर्णायक ठरल्या. नागपूरकरांच्या इतिहासातही याची कसोटी पाहता येते. १७५१ पासून कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांची एक तुकडी जहाजांनी बालासोरला उतरली आणि त्याच वर्षी देवगावच्या तहाने तो प्रांत गेला. बंदर आणि जहाज हे शब्द पाहून एखादे मॉडेल बालासोरलाही आरमारी लढाई ठरवील. तिसरा प्रश्न विचारला, की ती चूक टळते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपुरालाही हा विषय परका नाही तो यामुळेच.

व्याख्येइतकाच मोठा प्रश्न पुराव्याचा आहे. मॉडेल जे छापले गेले आणि संगणकावर आले तेच मुख्यतः वाचते, आणि त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. छत्रपती शाहूंच्या राज्यात तेच कान्होजी सरखेल होते आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आंग्र्यांचे नाव दिले. एक बाजू चाच्यांची ठरली, की लढाईची नोंद दोन सत्तांमधले युद्ध न राहता चाच्यांचा बंदोबस्त होऊन बसते. तारखांचेही तसेच. कुलाब्याच्या मोहिमेत खांद्याला खांदा लावून लढणारे पोर्तुगीज नव्या दिनदर्शिकेने आणि इंग्रज जुन्या दिनदर्शिकेने दिवस लिहीत होते. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. मराठी कागदांत शक आणि तिथी येते. हे न जुळवता यंत्राला कामाला लावले, तर एकाच लढाईच्या दोन नोंदी होतील. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे प्रचंड भांडार आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून संपादित केलेले खंडच ४५ भरले. राजवाड्यांनी छापलेली साधने वेगळी. ही सामग्री यंत्राला वाचता येईल अशा रूपात आली नाही, तर मॉडेलचे उत्तर एका बाजूच्याच साक्षीवर उभे राहील.

यावर पहिला आक्षेप असा, की भाषा-मॉडेले नसलेल्या गोष्टी ठामपणे सांगतात, मग इतिहासासारख्या विषयात त्यांना प्रवेशच का द्यावा? आक्षेप खरा आहे आणि उपायही त्यातच आहे. मॉडेलच्या स्मरणावर भिस्त न ठेवता त्याला ठरावीक मजकूर द्यावा, त्यातले नेमके वाक्य दाखवायला लावावे आणि वाक्य नसेल तर ‘आधार नाही’ असे उत्तर मान्य करावे. असा आधार जोडलेला असेल, तर उत्तर कोणालाही तपासता येते आणि खोडताही येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निकष आपण लिहायचे म्हटले, की प्रत्येक प्रांत आपल्या लढाया फुगवील. पण निकष विजयाला आणि पराभवाला सारखेच लागतात. विजयदुर्गाची १७५६ ची घटना त्यांत बसते, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती हेही नोंदवावे लागते. कुलाब्याचा विजय कितीही अभिमानाचा असला, तरी त्याचा निकाल जमिनीवर लागला असेच लिहावे लागते. आसामात १६७१ मध्ये ब्रह्मपुत्रेवर झालेली सराईघाटची लढाई समुद्रावरची नव्हती, तरी नावांनीच लढली गेली, म्हणून तिला जागा द्यावी लागते. लिहिलेला निकष गौरवापेक्षा कडक असतो, आणि गुप्त राहिलेला निकष मात्र ज्याचे ग्रंथ जास्त त्याच्या बाजूला झुकतो.

हे काम अवाढव्य नाही. नागपूर विद्यापीठातील इतिहासाचे अभ्यासक आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संगणकाचे अभ्यासक एकत्र बसले, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या पन्नासेक लढायांची एक कसोटी-यादी तयार होऊ शकते. प्रत्येक घटनेवर दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे निकष लावावेत, मतभेद लपवू नयेत, आणि मग मॉडेलची उत्तरे त्या यादीशी ताडून पाहावीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांना मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले. किल्ल्यांच्या दगडांना मान्यता मिळाली. त्या किल्ल्यांसमोर काय घडले हे जगाच्या माहितीजाळ्यात नीट नोंदवण्याची जबाबदारी मात्र युनेस्कोची नाही, ती आपली आहे. विद्यापीठांनी ती आजच उचलावी. उद्याची मॉडेले याच नोंदी वाचून शिकणार आहेत, आणि एकदा मुरलेली चूक हजार ठिकाणांहून काढणे एका ठिकाणी टाळण्यापेक्षा फार अवघड असते.