केपटाऊनची वाइन टूर: ती पांढरी घरं कुणी बांधली आणि त्यात गोव्याची आजी कुठून आली?

दक्षिण आफ्रिकेचं कुठलंही पॅकेज उघडा, त्यात केपटाऊनचे तीन-चार दिवस असतातच. आणि त्यातला एक दिवस ठरलेला असतो: 'ऐतिहासिक गावं आणि वाइनलँड्स, खासगी गाडी, ड्रायव्हर-गाइडसह'. सकाळी हॉटेलवरून गाडी निघते, तासाभरात स्टेलेनबॉश येतं, दोन-तीन ठिकाणी वाइन चाखायची, घाट ओलांडून फ्रान्शहूकला जेवायचं, जमलं तर पार्लवरून परत. संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही हॉटेलवर आणि तुमची रील इन्स्टावर.

२०२५ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेने भारत आणि चीनच्या पर्यटकांसाठी एक योजना आणली. मान्यताप्राप्त टूर कंपन्यांमार्फत गेलात तर व्हिसा सोपा. त्यामुळे ही टूर आता आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या यादीत आहे. जायला हरकत काहीच नाही. दरी सुंदर आहे, वाइन चांगली आहे, आणि पिऊन गाडी चालवायची नसेल तर ड्रायव्हर घेणं हेच शहाणपण आहे.

अडचण आहे ती गाडीत ऐकवल्या जाणाऱ्या गोष्टीत. ती साधारण अशी असते: डच आले, त्यांनी गाव वसवलं. फ्रेंच आले, त्यांनी द्राक्षं लावली. मग पांढऱ्या भिंतींची, गवताच्या छपरांची, पुढे नक्षीदार गेबल असलेली 'केप डच' घरं उभी राहिली. वाक्यं बघा. घरं 'उभी राहिली'. कुणी उभी केली, ते नाही.

आधी डच आणि फ्रेंचांची गोष्ट

डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान फान रीबेक एप्रिल १६५२ मध्ये केपला उतरला. उद्देश वसाहतीचा नव्हता. युरोपातून आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस आणि पाणी मिळावं एवढंच ठरलं होतं. २ फेब्रुवारी १६५९ ला तिथे पहिली वाइन तयार झाली. १६७९ मध्ये नवा प्रमुख सायमन फान डर स्टेल आला आणि त्याच वर्षी त्याने नदीकाठी एक गाव वसवलं. नाव स्वतःचंच दिलं: स्टेलेनबॉश, म्हणजे स्टेलचं रान.

फ्रान्समध्ये १६८५ ला प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं गेलं. तिथून पळालेले ह्यूगेनॉट लोक १६८८ पासून केपला आले. दोनशेच्या आसपासच असतील. त्यांना जी दरी मिळाली ती फ्रान्शहूक, म्हणजे 'फ्रेंच कोपरा'. त्याआधी डच लोक तिला हत्तींचा कोपरा म्हणायचे.

इथपर्यंत गाइड जे सांगतो ते खरंच आहे. फक्त या जमिनी रिकाम्या नव्हत्या. खोईखोई समाजाचे लोक तिथे गुरं चारत होते. कंपनीने शेतं वाटायला सुरुवात केल्यावर १६५९ मध्येच पहिली लढाई झाली, आणि १७१३ च्या देवीच्या साथीने उरलेल्यांची वाताहत केली.

मग काम कोण करत होतं?

गुलाम. १६५८ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दोन जहाजं भरून माणसं आणली गेली आणि हे पुढे दीडशे वर्षं चाललं. इतिहासकारांचा अंदाज आहे की १८०८ पर्यंत सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून केपला आणली गेली. आता यातला आपल्याकडे फारसा माहीत नसलेला भाग: त्यातली साधारण चौथा हिस्सा माणसं भारतीय उपखंडातली होती. बाकीची मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियातली.

भारतीय माणूस दक्षिण आफ्रिकेत १८६० ला उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेला, असं आपण शाळेत शिकतो. नाताळ प्रांतापुरतं ते बरोबर आहे. पण केपला भारतीय माणूस त्याच्या दोनशे वर्षं आधी पोचला होता, तोही करारावर नाही, विकत घेतलेला.

बंगाल, मलबार, कोरोमंडल या किनाऱ्यांवरून ही माणसं नेली गेली. मूळ नावं कागदावर उरली नाहीत. मालकाने एक नाव ठेवायचं आणि पुढे गाव जोडायचं: 'फान बेंगाले', 'फान मलबार'. कधी तर ज्या महिन्यात आणलं किंवा विकत घेतलं, तो महिनाच नाव व्हायचा. केपच्या टेलिफोन डिरेक्टरीत 'सप्टेंबर', 'फेब्रुवारी' अशी आडनावं आजही सापडतात, ती तिथून आली. अँजेला फान बेंगाले नावाची बाई तर खुद्द फान रीबेकच्या घरात गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, नंतर एका गोऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं, आणि आज स्वतःला अस्सल आफ्रिकानर म्हणवणाऱ्या अनेक घराण्यांची ती पूर्वज आहे.

आणि गोवा? स्टेलेनबॉश वसवणाऱ्या सायमन फान डर स्टेलची आई मारिया लीव्हेन्स. मारियाचे वडील डच कप्तान. मारियाची आई, म्हणजे सायमनची आजी, मुक्त झालेली भारतीय गुलाम होती. तिचं नाव 'मोनिका, गोव्याच्या किनाऱ्याची' असं सांगितलं जातं. नातू गव्हर्नर झाला, कॉन्स्टान्शियाची मोठी जमीन त्याने १६८५ मध्ये मिळवली आणि तिथले मळे गुलामांकडूनच पिकवून घेतले. पुढे सेंट हेलेनावर कैदेत असलेला नेपोलियन जी वाइन मागवायचा, ती याच कॉन्स्टान्शियाची. आजीची गोष्ट नातवाच्या कारभाराला आडवी आली नाही, एवढंच यातून दिसतं. उगाच 'आपल्या रक्ताचा माणूस' म्हणून अभिमानाची पोस्ट टाकायची घाई नको.

अनेक जुन्या वाइन फार्मवर पांढऱ्या कमानीत टांगलेली एक मोठी घंटा दिसते. फोटोला फार छान जागा. गुलामांना कामावर बोलवायला आणि सोडायला ती वाजवायचे.

घाटातलं गाव

स्टेलेनबॉशहून फ्रान्शहूककडे जाताना हेल्सहूख्ते नावाचा घाट लागतो. तो उतरलात की डाव्या-उजव्या हाताला छोटी घरं आणि चर्च असलेलं प्नीएल गाव येतं. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत.

ब्रिटिशांनी १ डिसेंबर १८३४ ला केपमधली गुलामगिरी संपवली. पण कायद्यात एक मेख होती: मुक्त झालेल्यांनी आणखी चार वर्षं 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे काम करायचं. म्हणजे खरी सुटका १८३८ मध्ये. साम्राज्यभरातल्या मालकांना मिळून २ कोटी पौंड भरपाई ठरली. गुलामांना शून्य. जमीन नाही, घर नाही, हातात पैसा नाही.

अशा लोकांसाठी १८४३ मध्ये मिशनऱ्यांनी प्नीएल वसवलं. राहायला जागा, लहानसा तुकडा, शाळा. आजूबाजूच्या मळेवाल्यांनाही हे सोयीचं होतं, कारण मजूर हाकेच्या अंतरावर राहिले. बरीच माणसं कालपर्यंत जिथे गुलाम होती त्याच मळ्यांवर मजूर म्हणून परत गेली. या गावातल्या कुटुंबांच्या मुळात बंगाल आणि मलबारही आहे. मला विचाराल तर पूर्ण दिवसाच्या टूरमधला सगळ्यात महत्त्वाचा थांबा हाच. आणि त्यासाठी एक किलोमीटरही वाकडी वाट करावी लागत नाही.

पगारात वाइन

गुलामगिरी गेल्यावर मजुरांना मळ्याला बांधून ठेवायचं कसं? उत्तर होतं 'डॉप'. मजुरीचा काही भाग रोख न देता स्वस्त वाइनमध्ये द्यायचा, दिवसातून अनेक वेळा, अगदी सकाळपासून. पिढ्यानपिढ्या हे चाललं. विसाव्या शतकात कायद्याने बंदी आली, तरी अनेक मळ्यांवर ते १९९० च्या दशकापर्यंत टिकलं. गरोदर बायकाही पीत होत्या. पोटातल्या बाळाला दारूमुळे होणाऱ्या कायमच्या इजेचं जगात नोंदलं गेलेलं सर्वाधिक प्रमाण ज्या भागांत आहे, त्यांत याच वेस्टर्न केप प्रांतातली गावं येतात. टेस्टिंग रूममध्ये 'टॅनिन' आणि 'फिनिश' समजावून सांगणारा माणूस हे सांगणार नाही. ते त्याचं कामही नाही.

हे सगळं जुनं झालं ना?

नाही.

स्टेलेनबॉशच्या अगदी मध्यावर 'दी फ्लाक्टे' नावाची वस्ती होती. मिश्रवंशीय, म्हणजे तिथल्या वर्णभेदी भाषेत 'कलर्ड', कुटुंबं तिथे राहायची. १९६४ मध्ये सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि हजारो लोकांना गावाबाहेर हलवलं. आज टूरवाले ज्या 'विद्यापीठाच्या टुमदार गावा'तून तुम्हाला चालवत नेतात, त्याचा काही भाग हीच जागा आहे. वर्णभेदाचा शिल्पकार मानला जाणारा पंतप्रधान फेरवुर्ट याच विद्यापीठात शिकला आणि तिथेच प्राध्यापक होता.

मजुरांचं म्हणाल तर २०११ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने वेस्टर्न केपमधल्या फळबागा आणि वाइन मळ्यांवर अहवाल दिला. राहायला अयोग्य घरं, कीटकनाशकांपासून संरक्षण नाही, शौचालय नाही, संघटना करायला गेलं की अडवणूक. पुढच्याच वर्षी द डूर्न्समध्ये संप पेटला. तिथे वाइनची नव्हे, खायची द्राक्षं पिकतात, युरोपात जाणारी. म्हणजे आपल्या नाशिकच्या निर्यातदारांचे हे थेट स्पर्धक. मजुरांची रोजची किमान मजुरी होती ६९ रँड, तेव्हाच्या दराने साधारण सव्वाचारशे रुपये. मागणी होती १५० ची. महामार्ग अडवले गेले, मळे जळाले, माणसं मेली. मार्च २०१३ पासून मजुरी १०५ रँड झाली. नंतर अनेक मळेवाल्यांनी कायम मजूर कमी करून हंगामी मजूर वाढवले. जिंकूनही निम्मं हरणं म्हणतात ते असं.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. मजुरांच्या परिस्थितीची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी 'विएटा' ही संस्था २००२ पासून आहे. फ्रान्शहूकजवळच्या सोल्म्स-डेल्टा मळ्याने गुलामांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारलं, मजुरांच्या ट्रस्टला मालकीत वाटा दिला, आणि पुढे तो मळा आर्थिक संकटात सापडला. चांगल्या हेतूने ताळेबंद जुळत नाही, हेही इथे शिकायला मिळतं.

बातम्यांशी याचा संबंध काय?

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जमीन अधिग्रहणाच्या कायद्यावर सही केली. सार्वजनिक हितासाठी, काही ठरावीक परिस्थितीत, भरपाई न देताही सरकारला जमीन घेता येईल अशी त्यात तरतूद आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी 'गोऱ्या शेतकऱ्यांवर अन्याय' म्हणत मदत थांबवली, आफ्रिकानरांना निर्वासितांचा दर्जा देऊ केला आणि मे महिन्यात ५९ जणांचा पहिला गट अमेरिकेत उतरलाही. ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मालावर ३० टक्के आयातशुल्क लागलं, वाइनही त्यात आली.

सोशल मीडियावर या वादाच्या क्लिप्स आपल्याकडेही फिरल्या. त्यात सहसा न दिसणारा आकडा असा: सरकारच्या २०१७ च्या जमीन पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे आहे. लोकसंख्येत ते सुमारे आठ टक्के. १९१३ च्या कायद्याने काळ्या लोकांना देशातल्या फक्त सुमारे ७ टक्के जमिनीवर मालकी ठेवायची परवानगी दिली होती, पुढे ती १३ च्या आसपास नेली. १९९४ ला मतदानाचा हक्क आला, जमीन फारशी हलली नाही. नवा कायदा योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. गुंतवणूक घाबरेल हा मुद्दाही हवेतला नाही. पण गाडीच्या काचेतून दिसणारे मैलोनमैल मळे आणि स्टेलेनबॉशला लागूनच असलेली कायामंडीची पत्र्यांची वस्ती, हे दोन्ही एकाच दिवशी बघितल्यावर हा वाद कुठून आला ते वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणजे जाऊ नये का?

जा. पर्यटन थांबलं की सगळ्यात आधी मजुरांचंच काम जातं. कोविडमध्ये सरकारने दारूविक्रीवर वारंवार बंदी घातली तेव्हा छोट्या वायनरींची काय हालत झाली ते तिथल्या लोकांनी पाहिलंय.

पण गाडी खासगी असेल तर कार्यक्रम तुमचा असतो, हे बरेच जण विसरतात. बुकिंग करतानाच सांगा: तीनऐवजी दोन टेस्टिंग, आणि प्नीएलला अर्धा तास. गाइड मिश्रवंशीय किंवा स्थानिक असेल तर त्याच्या घरची गोष्ट विचारा, अनेकांकडे ती असते. जेवताना मेन्यूवर 'अत्यार' दिसलं तर मागवा, ते आपलं अचार आहे, जहाजातून गेलेलं. केपटाऊनमधलं 'स्लेव्ह लॉज' म्युझियम टूरच्या आदल्या दिवशी बघून घ्या. कंपनीने १६७९ मध्ये, म्हणजे स्टेलेनबॉश वसलं त्याच वर्षी, आपले गुलाम कोंडायला बांधलेली ती इमारत.

परतताना गाडी फ्रान्शहूकहून पार्लच्या रस्त्याने घ्यायला सांगा. वाटेत ड्राकेनस्टाइन तुरुंग लागतो, पूर्वीचा व्हिक्टर व्हर्स्टर. ११ फेब्रुवारी १९९० ला नेल्सन मंडेला इथून चालत बाहेर पडले. फाटकाशी मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा आहे आणि चहूबाजूंना द्राक्षांचे मळे. टेस्टिंग रूम बहुतेक ठिकाणी चार-पाचला बंद होतात, त्यामुळे वाइन आधी उरकून हा थांबा शेवटी ठेवला तरी चालतं.