वाय गुणसूत्र आणि भाऊकी

वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना ‘नेचर’मध्ये मांडली ती २५ एप्रिल १९५३ रोजी, म्हणून २५ एप्रिल हा डीएनए दिन. नाशिक रोडला मध्यवर्ती कारागृह आहे, नाशिकलाच प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. त्यामुळे हा दिवस आपल्या नाशिककरांना परका नाही.

लैंगिक अत्याचाराच्या तपासात नमुन्यात पीडितेच्याच पेशी एवढ्या असतात की पुरुषाचा माग नेहमीच्या चाचणीत हरवतो. वाय गुणसूत्र बाईच्या पेशीत नसतेच, त्यामुळे त्यावरच्या खुणा वेगळ्या वाचता येतात. नसबंदी झालेला पुरुषही त्यातून सुटत नाही. या चाचणीचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. आरोपीशी जुळलेल्या खुणा त्याच्या भावाशी, चुलत्याशी, पणजोबांच्या भावाच्या नातवाशीही जुळू शकतात. साऱ्या खुणा एकगठ्ठा उतरत असल्याने त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करून ‘कोट्यवधींत एक’ असा आकडाही काढता येत नाही. आपल्या गावांत मुलगे घरीच राहतात, सुना बाहेरून येतात. निफाड-सिन्नरकडे अख्खी आळी एकाच आडनावाची असते. तिथे संशयाची सावली साऱ्या भाऊकीवर पडते. शिवाय त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत दत्तक मुलगा वंशात बसतो, वाय गुणसूत्रात बसत नाही. नातेवाइकांचे नमुने घेताना घरातली अशी गोष्ट चव्हाट्यावर येऊ शकते, याचे भान तपास अधिकाऱ्याला हवे.

पितृवंशाच्या गटावरून जात सांगण्याचा मोह तर मुळीच नको. आर१ए, एच, जे२ हे गट जातीजातींत, प्रांताप्रांतांत आढळतात. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्याच्या पालावर पोलीस आजही आधी पोहोचतात. त्या संशयाला प्रयोगशाळेचा शिक्का मिळता कामा नये.

नेदरलँड्समध्ये १९९९ च्या एका खुनाचा छडा २०१२ मध्ये अशाच चाचणीने लागला. तिथे नातेवाइकांमार्फत शोध घेण्याची मुभा आधी कायद्याने दिली गेली, नंतर हजारो पुरुषांनी स्वेच्छेने नमुने दिले. आपल्याकडे २०१९ चे डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने मात्र नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची सोय केली. नवे विधेयक संसदेत यावे. तोवर प्रत्येक अहवालात ‘आरोपी व त्याच्या पितृवंशातील सर्व पुरुष’ असे स्पष्ट लिहावे आणि केवळ वाय गुणसूत्राच्या जुळणीवर कोणालाही शिक्षा होऊ नये.